लाल माठावरची टेप

१८ ऑगस्ट २००२, रविवार

चपला अंगावर आल्या नाहीत, एवढंच काय ते यश.

पापडीच्या हॉलमध्ये आमचा पहिला शो. एकच गाणं, संपता संपेना. ॲन्सेल्म गिटार घेऊन लोकांकडे पाठ करून उभा. युजीन ड्रमवर असा काही तुटून पडला की मागच्या बाकावरचं एक बाळ रडायला लागलं ते थांबलंच नाही. आणि मी मध्ये मांडी घालून, पेटीवर. पेटीत माइक खुपसून तो आवाज डिलेमधून सोडला की एकच सूर भिंतीवर आपटून परत परत येत राहतो. सरावाला छान वाटतं. हॉलमध्ये नुसता गलका. पुढे बसलेल्या एका काकांनी शेवटी विचारलं, "टेस्टिंग झालं असेल तर आता गाणं सुरू करा." सगळा हॉल हसला. मीही हसले असते, पण मी स्टेजवर होते.

बाबा आले होते. रिक्षाने घरी आलो. उमेळ्याला उतरल्यावर म्हणाले, "सुमेधा, माझ्या वडिलांची पेटी आहे ती. आज तिला ताप चढल्यासारखी वाजत होती."

२० ऑगस्ट

युजीन म्हणतो, ह्याला सायकेडेलिक म्हणतात, लोकांना कळायला वेळ लागतो. मला वाटतं लोकांना चांगलं कळलंय.

१ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभर सराव. ॲन्सेल्मच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत. बाहेर बावखल — ह्यांच्या वाडीतलं तळं, त्याचंच नाव आम्ही बँडला दिलंय. खोलीला पंपाच्या तेलाचा वास, भिंतीवर शेवाळ, आणि पंप लावला की फरशीतून एक घुमारा चढतो. ॲन्सेल्म त्या घुमाऱ्यावर गिटार लावतो. मीही पेटीचा तोच सूर धरते. आमच्या बँडमध्ये जे काही बरं आहे ते त्या पंपाचं आहे.

दुपारी जेवण त्यांच्याकडेच. जुलियाना मावशीने — ॲन्सेल्मच्या आईने — वाढलं. गेल्या वर्षी मुंबईला तिचं घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल. कुणाला बोलवायचं झालं की टाळी वाजवते. मला आणखी भात हवा का, हे तिने नुसत्या भुवईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाढला.

घराला एके काळी काय आवाज होता, असं पास्कू काका — ॲन्सेल्मचे वडील — सांगत होते. पापडीत कुठेही लग्न असो, उंबराच्या पाण्याला जुलियाना हवीच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड घेऊन विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात, त्याने नवरीला न्हाऊ घालतात. घागर भरताना गाणं धरायचं असतं. "आता कोन धरनार?" काका म्हणाले आणि ताटाकडे बघत बसले. मावशी भिंतीवरच्या फोटोंवरची धूळ पुसत होती. भिंतीतल्या अल्तारावर, देवाच्या फळीवर, येशू, शेजारी तिच्या थोरल्या बहिणीचा फोटो — कार्मेलिन मावशी, ॲन्सेल्म लहान असतानाच गेली. लाल बल्ब दोघांनाही पुरतो.

१५ सप्टेंबर, रविवार

ॲन्सेल्म कपाटातून एक कॅसेट घेऊन आला. पास्कू काकांच्या भावाने बहारीनहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर कुणाच्या तरी लग्नात उंबराच्या पाण्याची गाणी टेप केलेली. अल्बिना, त्याची धाकटी बहीण, तेव्हा पाळण्यात होती. घरातला प्लेयर मोडल्यापासून कुणी ही कॅसेट ऐकलीच नव्हती. आम्ही वॉकमन ॲम्प्लिफायरला जोडला.

लावली. आधी खरखर, भांडी, बायकांचं हसू. मग एक आवाज उठला.

काय लिहू. उंच, सरळ, कशालाही न घाबरणारा. घागर बुडताना बुडबुड होते तीही टेपवर आलीये. "भर गो घागर पान्यानी" — एवढंच मला कळलं. ॲन्सेल्मने डोळे मिटले. "आई," म्हणाला. 

मग बाहेर आलं त्याच्या डोक्यातलं. पहिल्या दोन ओळींचं लूप करायचं. ती टेप तेवढीच कापायची, टोकं चिकटवायची, परत कॅसेटमध्ये घालायची — मग त्याच दोन ओळी गोल गोल फिरत राहतील, आणि खाली आमचा घुमारा. मी म्हटलं, कल्पना चांगली आहे, पण आधी सगळी कॅसेट कॉपी करून घेऊ. युजीनच्या डबल डेकचं एक झाकण तुटलंय, दुरुस्तीला आठवडा लागेल. ॲन्सेल्मला आठवडा थांबायचं नव्हतं. "उरलेली टेप कुठे पळून जातेय, यार?"

युजीनने दाढीच्या ब्लेडने कापली. हात स्थिर होता त्याचा, एरवी ड्रमवर नसतो. पुढची सगळी टेप बाहेर येऊन शेवयांसारखी जमिनीवर. मी ती गोळा करून एका प्लास्टिकच्या पिशवीत भरली, पंपामागच्या खिळ्याला लावली. "दुसऱ्या रिळावर गुंडाळून ठेव," मी ॲन्सेल्मला दोनदा सांगितलं. "नंतर, नंतर."

लूप लावलं. युजीनने काड्या खाली ठेवल्या.

मावशीला विचारलं का, असं मी निघताना विचारलं. म्हणाला, "तिला सरप्राइज."

२९ सप्टेंबर, रविवार

राजोडी. समुद्राजवळच्या एका रिसॉर्टवर, दुपारच्या जेवणानंतर. मुंबईहून सहलीला आलेली मंडळी, ओल्या चड्ड्या, पोटं भरलेली. मालकाला वाटलं होतं आम्ही नाचाची गाणी वाजवणार. ॲन्सेल्मने त्याला तसंच सांगितलं असणार. खोटारडा.

सुरुवातीला नेहमीचंच. कुणी ओरडलं, कुणी बर्फ मागवला, एक जण माझ्या पेटीजवळ येऊन "ताई, ती कोळीगीतं येतात का" म्हणून गेला. मग ॲन्सेल्मने वॉकमनचं बटण दाबलं.

आणि शांत झाले. खरंच. पोरं दोरीवर टॉवेल टाकता टाकता थांबली. टेपवर मावशी दोन ओळी गात होती, परत गात होती, परत. युजीन नुसत्या बोटांनी वाजवत होता. मी खाली एक सूर धरून बसले, भाता सोडला की रडू येईल असं वाटत होतं म्हणून सोडला नाही. ॲन्सेल्म पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

संपल्यावर एक बाई पदर डोळ्यांना लावून पुढे आली. "कोण गातंय हे?" ॲन्सेल्म म्हणाला, "माझी आई." त्या बाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आम्ही बँड आहोत. आज पहिल्यांदा वाटलं.

२० ऑक्टोबर

पाऊस गेला. पास्कू काकांनी वाफे केले, लाल माठ पेरला. पाखरांनी कोंब खाऊ नयेत म्हणून वाफ्यावर काठ्या रोवून टेपा ताणल्यात. सगळेच करतात, जुन्या कॅसेटांच्या. उन्हात चकाकतात आणि वाऱ्याने गुणगुणतात. ॲन्सेल्मला तो आवाज इतका आवडला की माइक घेऊन वाफ्यात बसला. काका म्हणाले, "माझा माठ तुडवू नको, मंग काय ते संगीत कर."

लूपची कॉपी करून बघितली. गादीखाली दाबून धरल्यासारखा आवाज. ॲन्सेल्म म्हणतो मूळच वाजवायचं. आज दिवसभरात किती वेळा वाजवलं देव जाणे.

१० नोव्हेंबर, रविवार

वाईट दिवस.

मावशीचं दुखणं परत उलटलंय. डॉक्टरांनी अल्बिनाला बाजूला घेऊन सांगितलं. औषधं चालू ठेवा, म्हणाले, पण चेहऱ्यावरून कळलं. अल्बिनाचं लग्न एप्रिलमध्ये, ईस्टरनंतर व्हायचं होतं. ते आता जानेवारीत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, तो सुरू व्हायच्या आत, आणि — ते कुणी बोललं नाही.

अल्बिना नर्स आहे. रडली नाही. सरळ पंपाच्या खोलीत आली, ॲन्सेल्मला म्हणाली, "मला एकच पाहिजे. आईने सगळ्यांच्या पोरींना गाऊन पानी घातलं. माझ्या पान्याला तिचा आवाज पाहिजे. ती कॅसेट काढून ठेव."

ॲन्सेल्म "हो" म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर

पिशवी खिळ्याला नाही.

सगळी खोली उलटीपालटी केली. पंपामागे, पाइपांत, खताच्या गोण्यांखाली. युजीन म्हणाला, उंदरांनी नेली असेल. उंदीर पिशवीसकट नेतात का, गाढवा?

मग पास्कू काका आले, काय शोधताय विचारलं. मी सांगितलं.  काकांनी हात वर करून दाराबाहेर दाखवलं.

लाल माठ.

त्यांना वाटलं मोडकी टेप, आम्ही टाकून दिलेली. दिवाळीआधीपासून ऊन, दव, वारा. जागोजागी तुटलेली, पोपटांनी ओरबाडलेली, उलटी बाजू पांढरी पडलेली. "मला काय ठाऊक?" काका एवढंच म्हणत राहिले. "मला कोन सांगनार?" त्यांचा काही दोष नाही. आमचाच आहे. मी दोनदा सांगितलं होतं — पण तिसऱ्यांदा स्वतःच गुंडाळून ठेवायला माझे हात काही झडले नव्हते.

ॲन्सेल्म वाफ्याच्या कडेला बसून राहिला. माठ वीतभर झालाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

युजीनने वाफ्यावरचा बरा दिसणारा एक तुकडा सोडवून आणला. स्पिरिटने पुसला, पेन्सिलीने गुंडाळला, लावला. बराच वेळ नुसती खरखर. मग मध्येच, पाण्यातून यावा तसा, एक आवाज. जाडा, खालचा, दमलेला. एखादीच ओळ, मग गेला.

"ही कोण?" मी विचारलं.

ॲन्सेल्मने कान लावून ऐकलं. "ही दुसरी कुणीतरी. मागे साथीला असतात ना बायका." युजीनने तो तुकडा चुरगळून खिडकीबाहेर टाकला.

म्हणजे आईच्या आवाजाच्या त्या दोन ओळीच उरल्या. लूपवर आहेत तेवढ्या. अल्बिनाला आज सांगितलं. मला वाटलं होतं थोबाडीत मारेल. ती खुर्चीवर बसली, गणवेशाची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "दोन तर दोन. पन लग्नापर्यंत त्याला हात लावायचा नाय. झिजते ती टेप, मला माहीत आहे. शपथ घे."

ॲन्सेल्मने आईची शपथ घेतली.

बाकीची टेप काकांनी काढायला घेतली होती, मग तशीच राहू दिली. "आता कशाला," म्हणाले. "पाखरं तरी बसनार नाय."

१५ डिसेंबर, रविवार

वांद्रे. खराखुरा शो. काळ्या भिंतींचा छोटा हॉल, लोक जमिनीवर बसलेले, आणि ते ऐकायला आलेले! नाव विचारलं तर "बाव-खाल?" करून हसले, पण हसले प्रेमाने.

ठरलं होतं लूप नाही. वाफ्यावर टेप केलेला तो गुणगुणता आवाज वापरायचा. तिसऱ्या गाण्याला लोक चुळबुळ करायला लागले, मोबाइल काढायला लागले. मी ॲन्सेल्मकडे बघितलं. मला कळलं तो काय करणार. "नको," मी म्हटलंसुद्धा. माझ्या पेटीत माइक होता, ते "नको" डिलेमधून तीन-चारदा हॉलभर फिरलं.

त्याने खिशातून कॅसेट काढली. खिशात! म्हणजे घरूनच घेऊन निघाला होता. माइकवर आला. "ही माझी आई," म्हणाला. "तिचा आवाज आता नाही. एवढाच उरलाय."

मग काय. हातातले मोबाइल खाली गेले. शेवटी सगळे उभे राहिले. एकाने येऊन सांगितलं, पाच जानेवारीला परत या, मोठ्या हॉलमध्ये. मला इतकं छान वाटत होतं आणि इतकी शिसारी येत होती, दोन्ही एकदम, की मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मी सूर सोडला नव्हता. लूप सुरू झाल्यावर मी पेटी बंद करू शकत होते. नाही केली. वाजवत राहिले.

१६ डिसेंबर

लूप ऐकून बघितलं. आवाज बारीक झालाय. काठाकाठाने खरवडल्यासारखा. आमच्या टाळ्यांनी खाल्ला.

अल्बिनाला कुणी सांगितलं माहीत नाही. ती माझ्या घरी आली, उमेळ्याला, आईबाबांसमोर. मला म्हणाली, "तू तरी बाई आहेस ना?"  ती गेल्यावर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२५ डिसेंबर

नाताळ. ॲन्सेल्मकडे गेले. मावशी खूपच उतरलीये, पण सकाळी उठून तिने नाताळच्या फुग्या, आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळल्या होत्या. कुणालाही हात लावू दिला नाही. लग्नात तिचा आवाज लावणार आहेत हे तिला अल्बिनाने सांगितलं. तिने मुलीच्या गालाला हात लावला. टेप कापल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, कशाला.

२ जानेवारी २००३

मी कॅसेट चोरली. पंपाच्या खोलीतून, ॲन्सेल्म जेवायला गेला होता तेव्हा. आता ती माझ्या पेटीत आहे, भात्यामागे. पाच तारखेला तो शोधत बसेल. बसू दे.

५ जानेवारी, रविवार

त्याला कळलंच. स्टेजच्या मागे माझा दंड धरला. "सुमे, दे. आजच्यानंतर आपण कुठल्या कुठे असू." मी म्हटलं, अठरा तारखेला अल्बिनाचं उंबराचं पाणी झालं की मागशील तेव्हा देईन. तो म्हणाला, "आई माझी आहे. तुझी नाही." युजीन जमिनीकडे बघत होता.

लूपशिवाय वाजवलं. मोठा हॉल, अर्धा रिकामा झाला. मागच्या वेळी उभे राहिलेलेच आज उठून गेले. एक जण जाताना म्हणाला, "वो माँ वाला नहीं बजाया." माँ वाला.

परतीला ॲन्सेल्म वेगळ्या डब्यात बसला.

१८ जानेवारी, शनिवार

लिहिते, जमेल तसं.

दुपार कलल्यावर निघालो. पुढे ब्रास बँड, मागे बायका, डोक्यावर घागरी, त्यात फुलं. पुरुष मंडळी मांडवाच्या कामात, विहिरीवर नव्हती — फक्त ॲन्सेल्म आणि युजीन, बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर हातगाडीवर घेऊन. मावशीला खुर्चीत बसवून नेलं. हिरवं लुगडं, गळ्यावर नवा रुमाल, त्याला अल्बिनाने जरीचा काठ लावलेला.

विहिरीपाशी बँड थांबला. सगळ्या बायकांनी मावशीकडे बघितलं, सवयीने. मग एकदम सगळ्यांनी नजरा वळवल्या. ते बघवलं नाही मला. मी कॅसेट ॲन्सेल्मच्या हातात दिली. पंधरवड्यात आम्ही बोललो नव्हतो. 

लागला आवाज. बारीक, फाटका, पण लागला. घागर विहिरीत उतरली. "जुलियाना गं," कुणीतरी म्हणालं आणि बायका रडायला लागल्या. अल्बिनाने ओढणीने तोंड झाकलं. दोन ओळी, परत दोन ओळी. एक पार म्हातारी बाई पुढे होऊन काहीतरी म्हणायला लागली, तर मावशीने तिचा हात पकडला आणि दाबून धरला. म्हातारी गप्प झाली.

मग मावशी खुर्चीतून उठली. विहिरीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली आणि गायला लागली. म्हणजे ओठ हलवायला लागली. आवाज नाही, नुसता गळ्याच्या रुमालाला वारा लागल्यासारखं होत होतं. मी नीट बघत होते. तिचे ओठ टेपशी जुळत नव्हते. टेप त्याच दोन ओळींवर फिरत होती, ती पुढच्या ओळी म्हणत होती. मला वाटलं, गाणं अडकलंय हे तिला सहन होत नसेल. गाणं पुढे न्यायचं असेल तिला.

शेवटची घागर भरली. मावशीने ॲन्सेल्मला जवळ बोलावून त्याच्या कपाळावर क्रूस काढला. तो लहान पोरासारखा रडला. मी त्याला माफ केलं, तिथेच.

पाणी घालताना अल्बिना हसत होती. एवढ्यासाठी सगळं झालं, आणि झालं.

२० जानेवारी

काल लग्न पार पडलं. मावशी केक कापेपर्यंत बसली, मग तिला आत नेऊन निजवलं. ॲन्सेल्म मला म्हणाला, "आईचा आवाज वाचवला तू." पुढच्या महिन्यात वांद्र्याच्या मोठ्या हॉलमध्ये आणखी एक संधी आहे. सोळा तारीख. लूप वाजवायचं. अल्बिनाचीसुद्धा आता हरकत नाही. "वाजवा," म्हणाली, "आईला दुनिया ऐकू दे."

२ फेब्रुवारी

मावशी आता अंथरुणाला खिळलीये. खिडकीशी खाट लावलीये, वाडी दिसेल अशी.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात मी आणि मावशीच. बाकी सगळे चर्चमध्ये मिस्साला गेले होते. लूप वॉकमनमध्ये होतं, तिला विचारलं, "तुमचा आवाज ऐकता का?" तिच्या कानांना हेडफोन लावला.

तिने थोडं ऐकलं. मग काढून माझ्या हातात दिला. मान हलवली — नाही. बोट भिंतीकडे केलं. येशूकडे नाही, शेजारच्या फोटोकडे. थोरल्या बहिणीकडे, कार्मेलिन मावशीकडे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तोच हात हवेत पुढे पुढे सरकवला. सुरुवात बहिणीची. पुढचं तिचं. तो जाडा, खालचा, दमलेला आवाज, जो आम्ही चुरगळून खिडकीबाहेर टाकला, तो तिचा होता.

खिडकीतून लाल माठ दिसत होता. उरलेल्या टेपा वाऱ्याने गुणगुणत होत्या.

मी म्हटलं, मी ॲन्सेल्मला सांगते. तिने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि मी मान हलवेपर्यंत काढलं नाही.

पुढच्या रविवारी शो आहे. तो माइकवर येऊन म्हणेल, ही माझी आई. मी खाली सूर धरून बसायचं.